इनऑरगॅनिकची अडलेली गणितं: प्रश्न इथे टाका (चौकटी कंसासकट)

मोलमजूर:
बारावी, सीईटी, जेईई, बी.एस्सी., जॅम (एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा), कुठल्याही पातळीचं अकार्बनी रसायनशास्त्राचं अडलेलं गणित या धाग्यावर टाका. प्रश्न मात्र जसाच्या तसा लिहा. "क्रोमियम क्लोराइडचं एक गणित आहे" एवढ्यावर कुणी काही सांगू शकत नाही. क्षार निर्जल आहे की हायड्रेट, सिल्व्हर नायट्रेट जास्तीचं घातलं का, द्रावण थंड होतं की गरम, यावर उत्तर फिरतं. तुम्ही केलेलं गणितही टाका, चुकलेलं असलं तरी. खरं तर चुकलेलंच हवंय. नुसतं उत्तर हवं असेल तर ते पुस्तकाच्या मागे छापलेलं असतंच.

सूत्र लिहिताना चौकटी कंस खाऊ नका. कंसात धातूला थेट बांधलेलं काय आणि बाहेर सुटं काय, यातच निम्मं गणित असतं. आणि वहीतली पहिली ओळ प्रत्येक वेळी हीच ठेवा: धातूवर प्रभार किती, म्हणून डी-इलेक्ट्रॉन किती. गणित शेवटच्या ओळीत बोंबललेलं दिसतं, पण बहुतेक वेळा चूक या पहिल्या ओळीतली असते.

गाळणकागद:
मग माझ्यापासूनच सुरुवात. प्रश्न: "क्रोमियम(३) क्लोराइड हेक्साहायड्रेटचा एक हिरवा नमुना ०.५३३ ग्रॅम घेऊन थंड पाण्यात विरघळवला. जास्तीचं सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर ०.२८७ ग्रॅम सिल्व्हर क्लोराइड मिळालं. हाच नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लावर डेसिकेटरमध्ये ठेवला तर वजन १३.५ टक्के घटतं. संयुगाची रचना लिहा."

मी कंसात सहा पाणी आणि बाहेर तीन क्लोराइड धरले. त्या हिशेबाने अवक्षेप ०.८६ ग्रॅम यायला हवा. दिलेला आकडा त्याच्या एक तृतीयांश आहे. प्रश्न चुकीचा छापलाय का?

आम्लराज:
प्रश्न बरोबर आहे. हेक्साहायड्रेट म्हटलं की सहाही पाणी क्रोमियमला धरून बसलंय, हे तुम्ही गृहीत धरलंत. नावात फक्त पाण्याची संख्या आहे, पाण्याचा पत्ता नाही.

आधी मोल काढू. रेणूवस्तुमान: क्रोमियम ५२.००, तीन क्लोरीन १०६.३५, सहा पाणी १०८.०९, बेरीज २६६.४४. म्हणजे ०.५३३ ग्रॅम हे २.०० मिलिमोल. सिल्व्हर क्लोराइडचं १४३.३२, म्हणून ०.२८७ ग्रॅम हेही २.०० मिलिमोल. एका संयुगामागे एकच क्लोराइड सुटला, म्हणजे कंसाबाहेर एक आणि उरलेले दोन आत.

आता पाणी. २६६.४४ चे १३.५ टक्के म्हणजे ३६.०, बरोबर दोन पाणी. सल्फ्युरिक आम्ल जाळीतलं सुटं पाणी ओढतं, धातूला बांधलेलं ओढत नाही. म्हणून दोन पाणी बाहेर, चार आत. कंसात चार पाणी आणि दोन क्लोराइड, बाहेर एक क्लोराइड आणि दोन पाणी. समन्वय अंक, म्हणजे धातूला थेट बांधलेल्यांची संख्या, सहा जुळला. कंसावरचा प्रभार: क्रोमियमचे +३, दोन क्लोराइडचे −२, म्हणून +१. बाहेरच्या एका क्लोराइडशी तो जुळतो.

ताळा हवा असेल तर गोठणबिंदू घ्या. एका सूत्राचे दोन आयन होतात, म्हणून ०.०१ मोलल द्रावण ०.०३७ अंशाने खाली गोठेल. तुमच्या रचनेला चार आयन, तेव्हा ०.०७४ यायला हवं होतं.

आल्फ्रेड वेर्नरने कोबाल्टच्या अमोनियावाल्या क्षारांचा गुंता सोडवला त्यात हाच मार्ग होता: किती क्लोराइड लगेच अवक्षेपित होतात आणि द्रावण वीज किती वाहून नेतं. त्याला १९१३ साली नोबेल मिळालं.

गाळणकागद:
कळलं. पण याचंच प्रॅक्टिकल आहे आणि तिथे ०.५३३ ग्रॅमला ०.३६ ग्रॅम अवक्षेप भरतो. हिशेब केला तर १.२६ क्लोराइड बाहेर. पाव क्लोराइड कसा काय सुटतो?

परीक्षानळी:
पाव क्लोराइड सुटत नाही. काही आयनांमधला आतला क्लोराइड सुटतो, बाकीच्यांचा नाही, आणि १.२६ ही सरासरी असते.

पाण्यात पडल्यापासून या हिरव्या आयनातला क्लोराइड हळूहळू बाहेर पडतो आणि त्या जागी पाणी बसतं. गडद हिरवा आयन एक क्लोराइड गमावून निळसर हिरवा होतो आणि शेवटी सहाही पाण्याचा जांभळा. क्रोमियम(३) हा डी-३, अदलाबदलीत फार सुस्त, म्हणून हे काम मिनिटांत न होता तासांवर जातं. पण तुम्ही द्रावण गरम केलंत तर ते वेग घेतं. सिल्व्हर आयन स्वतःही आतल्या क्लोराइडला ओढतो, हे विसरू नका.

इथेच घोळ होतो. क्लोराइडच्या नेहमीच्या ग्रॅव्हिमेट्रीत आपण अवक्षेप तापवतो, कारण त्याने सिल्व्हर क्लोराइडचे कण गोळा होतात आणि गाळायला सोपं जातं. तीच सवय इथे नडते. या क्षारासाठी क्रम असा ठेवा. डिस्टिल्ड पाणी आधी बर्फात थंड करा, त्यात पातळ नायट्रिक आम्लाचे पाच-सहा थेंब टाका, सिल्व्हर नायट्रेट बाजूला मोजून तयार ठेवा आणि क्षार अगदी शेवटी विरघळवा. विरघळला की लगेच सिल्व्हर नायट्रेट, जोरात ढवळणं आणि तत्काळ सिंटर्ड क्रुसिबलमधून सक्शनवर गाळणं. थंड अवक्षेप दुधाळ राहतो आणि थोडा गाळणीतून निसटतोही, पण ती चूक छोटी आहे. धुवायला थंड, किंचित नायट्रिक आम्ल घातलेलं पाणी वापरा. नुसत्या पाण्याने अवक्षेप पुन्हा फुटून वाहून जातो. ११० ते १३० अंशांवर वाळवा. खिडकीच्या उजेडात ठेवू नका. अवक्षेप जांभळट पडला तर तो प्रकाशाने झालेला चांदीचा अंश असतो, क्रोमियम नाही.

गाळलेलं द्रावण फेकू नका. ते रात्रभर ठेवलं तर दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा पांढरं दिसेल. तो आतून सुटलेला क्लोराइड. जर्नलमध्ये हे निरीक्षण लिहा. १.२६ ला पुसून १.०० करण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

गाळणकागद:
क्षार आधी विरघळवून मग सिल्व्हर नायट्रेटचं वजन करत बसलो होतो. झालं लक्षात.

चतुष्फलक:
माझा प्रश्न मॅग्नेटिक मोमेंटचा. टेट्राक्लोरोकोबाल्टेट(२), निळा आयन. स्पिन-ओन्ली सूत्राने (फक्त अयुग्मित, म्हणजे एकट्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येवरून) ३.८७ बोर मॅग्नेटॉन येतात, प्रश्नात मोजलेलं मूल्य ४.६ दिलंय आणि विचारलंय "अयुग्मित इलेक्ट्रॉन किती". ४.६ तर ४.९० च्या जवळ आहे, म्हणजे चार. चार लिहू?

निळी_ज्योत:
नको. चार शक्यच नाहीत.

कोबाल्ट(२) म्हणजे डी-७. सात ही विषम संख्या. विषम इलेक्ट्रॉन कसेही बसवा, अयुग्मितही विषमच उरणार: एक, तीन किंवा पाच. सातातून पाच ऑर्बिटलमध्ये पाच एकटे राहू शकत नाहीत, म्हणून एक किंवा तीन. मोमेंटचा आकडा बघण्याआधी ही सम-विषम चाळणी लावा, निम्मे पर्याय तिथेच गळतात. चतुष्फलकीय क्षेत्रात खालच्या ई जोडीत चार आणि वरच्या टी-टू त्रिकुटात तीन, म्हणून तीन अयुग्मित.

मग ४.६ का? स्पिन-ओन्ली सूत्रात ऑर्बिटलचा वाटा धरलेलाच नाही. चतुष्फलकीय कोबाल्ट(२) मध्ये स्पिन-ऑर्बिट जोडणीमुळे वरच्या पातळीचा थोडा अंश तळाच्या पातळीत मिसळतो. त्याची दुरुस्ती अशी: स्पिन-ओन्ली मूल्याला (१ − ४λ/Δ) ने गुणायचं. λ म्हणजे स्पिन-ऑर्बिट जोडणीचा स्थिरांक, Δ म्हणजे डी-ऑर्बिटलच्या वरच्या-खालच्या गटांमधलं अंतर. कोबाल्ट(२) साठी λ सुमारे −१७२ प्रति सेंमी, या आयनासाठी Δ सुमारे ३,३००. कंसातला आकडा १.२१ येतो आणि गुणाकार ४.६८. दिलेल्या ४.६ ला हे खेटून आहे.

चिन्हाकडे बघा. डी-कवच अर्ध्याहून जास्त भरलेलं असेल तर λ ऋण, आणि मोमेंट स्पिन-ओन्लीपेक्षा वाढतो. अर्ध्याहून कमी असेल तर λ धन, मोमेंट घटतो. क्रोमियम(३) चं मूल्य ३.८७ च्या किंचित खाली मिळतं ते यामुळे. मँगनीज(२) मध्ये पाच ऑर्बिटलमध्ये एकेक, ऑर्बिटलचा वाटा शून्य, म्हणून ५.९२ जवळपास तंतोतंत जुळतो. पेपर काढणाऱ्यांना मँगनीज एवढं का आवडतं ते यावरून कळेल.

चतुष्फलक:
आणि निकेल टेट्राकार्बोनिल? तोही चतुष्फलकीय. डी-८ धरून दोन अयुग्मित आले, पुस्तक शून्य म्हणतं.

मोलमजूर:
पहिली ओळ! निकेलवर प्रभार शून्य. सुट्या अणूत ३डी-८ ४एस-२ असतं म्हणून तुम्ही आठ धरलेत. संयुगात ४एस ची पातळी वर जाते आणि ते दोन्ही इलेक्ट्रॉन डी मध्ये मोजायचे: डी-१०, अयुग्मित शून्य. टेट्राक्लोरोनिकेलेट(२) मध्ये मात्र खरंच डी-८, चतुष्फलक, दोन अयुग्मित, २.८३ च्या वर. टेट्रासायनोनिकेलेट(२) हाही डी-८, पण चौरस प्रतलीय, अयुग्मित शून्य. तिन्ही वहीत शेजारी-शेजारी मांडून ठेवा, परीक्षेत यातलं एक येतंच.

अष्टफलक_१२:
सीएफएसई (क्रिस्टल फील्ड स्थिरीकरण ऊर्जा) वर भांडण लागलंय. हेक्सासायनोफेरेट(२): Δ ३३,००० प्रति सेंमी, पेअरिंग ऊर्जा (पी) १७,६००. मी −२.४Δ + ३पी केलं, क्लासच्या नोट्समध्ये −२.४Δ + २पी आहे. टी-टू-जी मध्ये, म्हणजे खालच्या त्रिकुटात, जोड्या तीन आहेत ना? मग तीन पी का नाहीत?

आम्लराज:
जोड्या तीनच आहेत. पण सुट्या डी-६ आयनात, लिगंड (धातूला बांधले जाणारे आयन किंवा रेणू) यायच्या आधीच, एक जोडी होती: सहा इलेक्ट्रॉन, पाच ऑर्बिटल. लिगंडमुळे नव्याने झालेल्या जोड्या दोन, म्हणून २पी. स्थिरीकरण म्हणजे लिगंडमुळे पडलेला फरक, म्हणून जुनी जोडी त्यात धरायची नाही.

काही पुस्तकं सगळ्या जोड्या मोजतात. चालतं, पण मग हाय स्पिनलाही (जास्तीत जास्त इलेक्ट्रॉन एकटे ठेवणाऱ्या मांडणीलाही) १पी लावा. एकाला सगळ्या जोड्या आणि दुसऱ्याला फक्त नव्या, अशी सरमिसळ केली की उत्तर बरोबर १७,६०० ने चुकतं. तेवढाच फरक दिसला तर चूक दुसरीकडे शोधू नका.

सायनाइडला लो स्पिन: −७९,२०० + ३५,२०० = −४४,०००. हाय स्पिन: −०.४ × ३३,००० = −१३,२००. लो स्पिन जिंकतं.
पाण्याला, म्हणजे हेक्साअक्वा लोह(२), Δ १०,४००. लो स्पिन: −२४,९६० + ३५,२०० = +१०,२४०. हाय स्पिन: −४,१६०. इथे हाय स्पिन.

पी दोन्हीकडे १७,६०० च धरलाय. लिगंडप्रमाणे तो थोडा उतरतो, पण निकाल बदलण्याइतका नाही.

अष्टफलक_१२:
४४,००० चे किलोज्यूल करताना मी ११.९६ ने गुणलं आणि ५,२६,००० आले. एवढी ऊर्जा?

आम्लराज:
ते ज्यूल आहेत. १ प्रति सेंमी म्हणजे प्रति मोल ११.९६ ज्यूल. हजाराने भागा, ५२६ किलोज्यूल प्रति मोल.

याच जातीची आणखी एक चूक हेक्साअक्वा टायटॅनियम(३) च्या गणितात होते. शोषण ४९३ नॅनोमीटरला, म्हणजे सुमारे २०,३०० प्रति सेंमी, २४३ किलोज्यूल. पोरं हाच आकडा सीएफएसई म्हणून लिहितात. २४३ हा Δ आहे, कारण शोषणात इलेक्ट्रॉन खालच्या त्रिकुटातून वरच्या जोडीत जातो, पूर्ण अंतर कापतो. सीएफएसई त्याच्या ०.४ पट, ९७ किलोज्यूल.

रेडॉक्सग्रस्त:
समीकरण संतुलित करायचंय, आम्लारी माध्यम: क्रोमियम(३) आयोडाइड + क्लोरीन → क्रोमेट + परआयोडेट + क्लोराइड. क्रोमियम ३ वरून ६, आयोडीन −१ वरून +७. ३ + ८ = ११ इलेक्ट्रॉन. क्लोरीन २ घेतो. म्हणून २ आणि ११. पण ऑक्सिजन काही केल्या जुळत नाही.

परीक्षानळी:
आयोडीन तीन आहेत. ३ + (३ × ८) = २७. एका क्रोमियम आयोडाइडमागे २७ इलेक्ट्रॉन, म्हणून २ आणि २७ क्लोरीन.

उजवीकडे २ क्रोमेट, ६ परआयोडेट, ५४ क्लोराइड. आता ऑक्सिजनकडे बघूच नका, आधी प्रभार. उजवीकडे −४ −६ −५४ = −६४, डावीकडे शून्य. म्हणून डावीकडे ६४ हायड्रॉक्साइड. हायड्रोजन ६४ झाले, उजवीकडे ३२ पाणी.

२ क्रोमियम आयोडाइड + २७ क्लोरीन + ६४ हायड्रॉक्साइड → २ क्रोमेट + ६ परआयोडेट + ५४ क्लोराइड + ३२ पाणी

ऑक्सिजन फक्त ताळ्यासाठी ठेवलाय: डावीकडे ६४, उजवीकडे ८ + २४ + ३२ = ६४. ऑक्सिजनपासून सुरुवात केली की ताळ्याला काही उरत नाही.

रेडॉक्सग्रस्त:
वा! आणि क्रोमियम पेरॉक्साइड, एका क्रोमियमला पाच ऑक्सिजन. +१० येतं.

मोलमजूर:
क्रोमियमकडे द्यायला सहाच इलेक्ट्रॉन आहेत, +१० कुठून आणणार? चार ऑक्सिजन पेरॉक्साइडचे, प्रत्येकी −१, आणि एक साधा, −२. क्रोमियम +६.

गाळणकागद:
आयोडोमेट्री. पितळ ०.४००० ग्रॅम, नायट्रिक आम्लात विरघळवून पोटॅशियम आयोडाइड घातलं, ०.१००० मोलर थायोसल्फेट ४४.१ मिली लागलं. एका आयोडीनला दोन थायोसल्फेट, म्हणून तांबं निम्मं धरलं, ३५ टक्के आलं.

परीक्षानळी:
पितळात तांबं ३५ टक्के? उत्तर लिहिण्याआधी भांड्याकडे एकदा बघायचं.

एका आयोडीनला दोन थायोसल्फेट हे खरं, पण एक आयोडीन तयार व्हायला दोन तांबे लागतात. तांबं(२) हे तांबं(१) होतं, एकच इलेक्ट्रॉन. म्हणून एका तांब्याला एक थायोसल्फेट. ४.४१ मिलिमोल × ६३.५५ = २८०.३ मिग्रॅ, म्हणजे ७०.१ टक्के. जस्त आयोडाइडशी काही करत नाही.

प्रत्यक्ष करताना नायट्रिक आम्लानंतरचे तपकिरी धूर पूर्ण उकळून घालवा, चिमूटभर युरिया घालून पुन्हा उकळा. नायट्रोजनचे ऑक्साइड उरले तर ते आयोडाइडमधून आयोडीन काढत राहतात आणि अंतिम बिंदू आला-आला म्हणेपर्यंत निळा रंग परततो. आम्लता अमोनियाने मारा, मग ॲसेटिक आम्ल. स्टार्च द्रावण फिकट पिवळं झाल्यावरच. कॉपर(१) आयोडाइडचा पांढरा गाळ आयोडीन धरून ठेवतो, म्हणून निळा रंग फिका पडत आला की ग्रॅमभर पोटॅशियम थायोसायनेट घाला आणि जोरात हलवा. धरलेलं आयोडीन सुटून निळा पुन्हा गडद होतो, तिथून थेंब-थेंब. थायोसायनेट सुरुवातीलाच घातलं तर ते स्वतःच आयोडीन खातं.

चतुष्फलक:
शेवटचा. ब्राउन रिंगचा (नायट्रेटच्या चाचणीतल्या तपकिरी कड्याचा) आयन: कंसात लोह, पाच पाणी, एक नायट्रिक ऑक्साइड, प्रभार +२. मोमेंट सुमारे ३.९. लोहाचा ऑक्सिडेशन नंबर? मोलमजूरकाकांची पहिली ओळच लिहिता येत नाहीये. एनओ तटस्थ धरला तर +२, धन आयन धरला तर +१.

निळी_ज्योत:
प्रवेशपरीक्षांच्या उत्तरसूचीत +१ असतं: एनओ धन, लोह डी-७ हाय स्पिन, तीन अयुग्मित, ३.८७. आकडा जुळतो म्हणून ते चाललंय. पण लोह(३) आणि एनओ ऋण धरूनही तोच आकडा येतो: डी-५ चे पाच अयुग्मित, एनओ ऋणाचे दोन, उलट दिशेने जुळलेले, उरले तीन. आता ही दुसरी मांडणी जास्त मानली जाते. मोमेंट दोघांमध्ये निवड करून देत नाही.

मोलमजूर:
इथे पहिली ओळ खरंच अडते, कारण लोह आणि एनओ यांच्यातले इलेक्ट्रॉन कुणाचे हे कागदावर ठरत नाही. एनेमार्क आणि फेल्टम यांनी १९७४ मध्ये यावर वाटणीच टाळणारी पद्धत दिली: धातूचे डी-इलेक्ट्रॉन आणि एनओच्या पाय-स्टार ऑर्बिटलमधले इलेक्ट्रॉन एकत्र मोजा. लोह(१) आणि एनओ धन: ७ + ० = ७. लोह(२) आणि तटस्थ एनओ: ६ + १ = ७. लोह(३) आणि एनओ ऋण: ५ + २ = ७.

सीईटी-जेईईत +१ वर खूण करा. बी.एस्सी.च्या पेपरात जागा असेल तर या तीन ओळी लिहा.